लागला का?

सांगली,
बुधवार, रात्र

चि. बाळ यास,


काल तुझा फोन झाल्यापासून मन थाऱ्यावर नाही. तुझ्या आजोबांची, अण्णांची ती मालवाहू फार्गो चालू झाली हे तू सांगितलंस, फोन बॉनेटपाशी धरून इंजिनाचा आवाज ऐकवलास. इतकी वर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी अशी धडधडताना ऐकली आणि मला खरंच बोलता येईना. तुझ्या आजीनं तो आवाज ऐकायला हवा होता. रात्री गाडी नाक्यावरून वळली की ती उठून चुलीवर पाणी ठेवायची, गाडी दारात यायच्या आत.

पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "मामा, सगळं झालंय. फक्त ब्रेकलाइट लागत नाही. स्विच मागवलाय, रविवारी दहा मिनिटांत बदलतो आणि गाडी प्रीतिसंगमावर नारळ फोडायला नेतो." त्यातले 'फक्त' आणि 'दहा मिनिटं' हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. फोनवर सांगायला गेलो तर निम्मं विसरेन, म्हणून लिहितोय. पत्र शेडमध्ये दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला अडकव आणि काम करताना समोर ठेव.

पहिली गोष्ट नीट समजून घे. तुझ्या कारमध्ये ब्रेकलाइटचा स्विच पेडलच्या वर असतो. पेडल हललं की त्याची दांडी बाहेर येते आणि दिवा लागतो. तो बदलताना काही चुकलं तर फार तर दिवा लागणार नाही. फार्गोचं तसं नाही. तिचा स्विच मास्टर सिलिंडरमधून ब्रेकचा पाइप निघतो तिथल्या टी जॉइंटवर बसलाय, थेट ब्रेक ऑइलमध्ये. पेडल दाबलं की ऑइलला दाब येतो. तोच दाब चाकांकडे जातो आणि तोच स्विचच्या पोटात शिरून दिवा लावतो. म्हणजे तो स्विच काढणं म्हणजे ब्रेकची लाइन उघडणं. हे वायरमनचं काम नाही, ब्रेकचं आहे. आणि तुझ्या गाडीला ब्रेकची लाइन एकच आहे. अमेरिकेत 1960 च्या दशकात मास्टर सिलिंडरचे दोन कप्पे करायला लागले, म्हणजे एका बाजूचं तेल गेलं तरी दुसऱ्या बाजूची चाकं धरतात. आपल्या गाडीला एकच कप्पा. कुठंही एक थेंब गळायला लागला तर चारही कोपऱ्यांचा ब्रेक त्या थेंबाबरोबर जातो.

माझ्याकडे चहाच्या जुन्या डब्यात एक मेलेला स्विच आहे. त्याच्या आत असतं तरी काय ते बघायला मी तो एकदा हॅक्सॉनं उभा कापला होता. शनिवारी तुला दाखवीन. वर काळ्या बेकेलाइटची टोपी, तिच्यातून बाहेर आलेले दोन पितळी टर्मिनल. खाली पितळेचं अंग आणि त्याला आटे. मध्ये जाड कागदाएवढा रबरी पडदा. पडद्यावर चार आण्याच्या नाण्याहून लहान पितळी चकती आणि तिला खाली दाबून धरणारी स्प्रिंग. खालून ऑइलचा दाब आला की पडदा फुगतो, चकती वर उचलली जाऊन दोन्ही टर्मिनलना टेकते. झालं, एवढंच यंत्र. साधारण 60 ते 100 पौंडांच्या दाबाला ती चकती टेकते. ड्रम ब्रेकच्या लाइनमध्ये पेडल सोडल्यावरही आठ-दहा पौंड दाब मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणून स्विचची स्प्रिंग त्याहून बरीच कडक करतात. नाहीतर दिवा जळतच राहिला असता.

त्या कापलेल्या स्विचमध्ये दोन गोष्टी दिसतात. चकतीची कड जिथं टर्मिनलला टेकायची तिथं काळी पडून खाल्ली गेलीय, चिमणीची काजळी बसावी तशी. 21 वॉटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर साडेतीन अँपिअर ओढतात आणि दर वेळी चकती सुटताना तिथं एक ठिणगी पडते. घाटात दिवसातून हजार वेळा. दुसरं, रबरी पडद्याला कडेनं केसाएवढी चीर आहे. पहिल्या दोषानं दिवा जातो. दुसऱ्यानं ब्रेक जातो. बाहेरून दोन्ही स्विच सारखेच दिसतात, म्हणून टर्मिनलच्या मुळाशी बोट फिरवून बघायचं. बोटाला तेल लागलं, तर दिवा लागत असला तरी तो स्विच त्याच दिवशी काढायचा.

आता काम. स्विचला हात लावायच्या आधी तोच मेलाय ना, हे बघ. मी गॅरेजमध्ये असताना चांगले स्विच काढून फेकलेले किती पाहिले, त्याला गणती नाही. दोन्ही वायरी स्विचवरून काढ आणि एकमेकींना टेकव. मागं दिवा लागला तर स्विच गेला. नाही लागला तर स्विचचा काही दोष नाही. बल्ब बघ, फ्यूज बघ, आणि सगळ्यात आधी अर्थिंग बघ. जुन्या गाडीत दिव्याचं घर बॉडीला जिथं स्क्रूनं बसतं तिथं गंज धरतो आणि अर्थ तुटतो. मग करंट दुसरी वाट शोधतो. ब्रेक दाबला की टेललाइट मंद होतो, इंडिकेटर भलताच चमकतो. असं काही दिसलं की स्विच राहू दे, सँडपेपर घे आणि त्या जागेचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घास. स्विचला कुठली वायर कुठं याची चिंता नको, दोन्ही टर्मिनल सारखेच. पण कापडाचं वेष्टण असलेली ती मूळची वायर जिथं कडक झाली असेल तिथून कापून टाक, नवी घाल, थिंबल नीट दाबून बसव. अण्णा वायरीला नुसता पीळ देऊन जोड दिलेला कधी चालवून घेत नसत.

मागवलेला स्विच अजून बसवू नकोस. आधी त्याचे आटे मोज.

तू विचारशील, आट्यांचं एवढं काय? सांगतो. फार्गो हे नाव अमेरिकेच्या क्रायस्लरचं. तीच गाडी, वर तीन नावं: डॉज, डीसोटो आणि फार्गो. आपल्याकडे ती यायची प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली ती कंपनी काढली आणि 1947 पासून कुर्ल्याला गाड्या तयार व्हायला लागल्या. बोटी, विमानं, मोटारी हे सगळं इथंच व्हावं म्हणून आयुष्यभर धडपडलेला माणूस. त्यांची ही गाडी दारात आहे याचा अण्णांना किती अभिमान होता ते तुझी आई सांगेल. पुढं टाटा-मर्सिडीजनं रस्ता व्यापला आणि फार्गो मागं पडल्या, तरी अण्णांनी ही विकली नाही. मुद्दा असा की गाडी 1964 ची, कुर्ल्याची, पण घराणं अमेरिकन. म्हणून तिचे आटेही अमेरिकन. स्विचचं अंग एक सुती, उताराचं, इंचाला 27 आटे. एक सुती हे नुसतं नाव. कॅलिपर लावलास तर बाहेरून 10 मिलिमीटरच्या किंचित वर भरेल. त्याच नावाचा ब्रिटिश आटा इंचाला 28 असतो. आणि आताच्या बऱ्याच गाड्यांचा 10 मिलिमीटरचा बारीक आटा इंचाला पंचवीसच्या जरा वर येतो. तिन्ही शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही. तिन्ही हातानं दोन आटे सहज आत जातात. चुकीचा असेल तर तिसऱ्या आट्याला घट्ट लागतं आणि बसवणाऱ्याला वाटतं, बसला.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, तुझ्या आईलाही नाही. तू गाडी घेऊन रस्त्यावर उतरणार आहेस, म्हणून तुला सांगतोय.

1979 चा उन्हाळा. मी एकोणीस वर्षांचा, अण्णांच्या गाडीवर किन्नर, म्हणजे क्लीनर. कराडहून गूळ घेऊन पुण्यात भवानी पेठेत उतरवला. परतीला खताची पोती मिळाली. माल भरेपर्यंत अण्णांना गाडीखाली तेलाचा डाग दिसला. स्विच पाझरत होता. त्यांनी मला पैसे दिले आणि नवा आणायला पाठवलं. एका दुकानात डब्यात चाळीस-पन्नास स्विच सुटे पडले होते. त्यातला एक दुकानदारानं उचलून दिला, "ट्रकला हाच बसतो." मी आणला. दोन आटे बोटांनी गेला, मग अडला. मी तो काढून बघायला हवा होता. मी काढला, पण त्याला टेप गुंडाळली आणि पुन्हा लावला. पान्याला पाइपचा तुकडा घातला आणि ओढला. आणखी एक फेरा गेला. दिवा लागला. गळती थांबली. अण्णा कागदपत्रं घेऊन आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हातानं किती आटे गेला?"

मी म्हणालो, "सगळे."

रात्री अकराच्या सुमाराला खंबाटकीचा माथा ओलांडून आम्ही सुरूरच्या अंगाला उतरायला लागलो. तेव्हा बोगदा नव्हता, येणारी-जाणारी सगळी वाहतूक त्याच एका घाटातून. अण्णांचा नियम होता, ज्या गिअरनं चढलो त्याच गिअरनं उतरायचं, म्हणून गाडी दुसऱ्यात होती. दुसऱ्या वळणाला त्यांनी पेडल दाबलं आणि ते तळाला टेकलं. त्यांनी पंप मारला. एकदा, दोनदा, तीनदा. लोण्यात पाय रुतावा तसं पेडल जात होतं. अण्णा काही बोलले नाहीत. एका हातानं स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला घेतलं, दुसऱ्यानं हँडब्रेक ओढायला लागले, एकदम नाही, दात दात करून. फार्गोचा हँडब्रेक चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या मागं शाफ्टवर वेगळा ड्रम असतो. त्याला ऑइलशी देणंघेणं नाही. त्यानंच आम्ही वाचलो. जळक्या लायनिंगचा वास केबिनमध्ये भरला.

त्या वेळी मी डाव्या खिडकीतून मागं पाहिलं. वीस-पंचवीस हातांवर एक भरलेला ट्रक आमच्या मागून उतरत होता. आम्ही थांबायची धडपड करतोय हे त्याला कळायला काहीच मार्ग नव्हता. आमचा ब्रेकलाइट लागतच नव्हता! बाळ, ही गोष्ट नीट ध्यानात घे. ऑइलला दाब नाही म्हणजे ब्रेक नाही, आणि दाब नाही म्हणजे दिवाही नाही. ज्या क्षणी मागच्याला सावध करायची सगळ्यात जास्त गरज, नेमका त्याच क्षणी तो दिवा मुका होतो. मी कमरेपर्यंत बाहेर आलो, डोक्याचा टॉवेल काढून हलवला, दारावर थापा मारल्या, ओरडलो. त्याच्या हेडलाइटमध्ये माझा हात दिसला असावा. त्याचा हॉर्न आला, मग त्याचं इंजिन गुरगुरलं. तो हळू झाला. आम्ही रस्त्याच्या कडेला टाकलेल्या खडीच्या ढिगात शिरून उभे राहिलो.

अण्णांनी खाली उतरून चाकांना दगड लावले. मग बॅटरी घेऊन गाडीखाली गेले. स्विच टी जॉइंटवर तिरका लोंबत होता. दाबानं तीन आटे सोलून बाहेर आला होता. त्यांनी तो हातात घेतला, बॅटरीच्या उजेडात आटे बघितले. माझ्याकडे बघितलं. ते काय म्हणणार याची मी वाट बघत होतो. ते म्हणाले, "पुढच्या वेळी मोज." बस. सकाळपर्यंत आम्ही दोघं त्या खताच्या पोत्यांवर झोपलो. म्हणजे ते झोपले.

पुढं मी तीसेक वर्षं गॅरेज चालवलं. एकही स्विच, एकही युनियन मी आटे मोजल्याशिवाय बसवला नाही.

म्हणून जुना स्विच आणि नवा स्विच एकमेकांना लावून उजेडाकडे धर. आट्यात आटा बसला पाहिजे, मध्ये कुठं उजेड दिसता कामा नये. हातानं तीन-साडेतीन फेरे गेला पाहिजे. मग पान्यानं एक-दीड फेरा, त्याहून जास्त नाही. उताराचा आटा आपला आपण दाबून बंद होतो, म्हणून टेप लावायची नाही. टेपचा एक धागा आत गेला तर मास्टर सिलिंडरमधल्या सुईएवढ्या भोकात जाऊन बसतो आणि मग ब्रेक धरून राहतो. पाइप पाना तर त्या पितळेच्या जवळही नेऊ नकोस. एक पाना स्विचला आणि दुसरा पाना टी जॉइंटला, असे दोन पाने लावून काढायचं. नाहीतर स्विच हलणार नाही, पाइपच पिळला जाईल. आजपासून रोज संध्याकाळी आट्यांवर गंज सोडवायचं तेल मार. रविवारची घाई करू नकोस.

काढताना बॅटरीची वायर सोडलेली असू दे, चाकांना दगड असू दे. मग पेडल हलकेच इंचभर दाबून काठीनं सीटला टेकवून ठेव. तेवढ्यानं सिलिंडरमधलं भोक झाकलं जातं आणि टाकीतलं ऑइल खाली येत नाही. नवा स्विच डाव्या हातात तयार ठेव, जुना निघाला की दोघांचे आटे ताडून लगेच लाव. ऑइल कुठं सांडलं तर पाण्यानं धू, ते रंग खातं. तू इतक्या मायेनं घासून लावलेला तो निळा रंग एका रात्रीत फुगेल.

ऑइलचं तू विचारलंस. सिलिकॉनचं ऑइल रंग खात नाही हे खरं, पण त्यात हे दाबाचे स्विच लवकर मरतात, असा जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा अनुभव आहे. साधं डॉट 3 किंवा डॉट 4 घाल, सीलबंद डब्यातलं. ते हवेतलं पाणी पितं. नवं डॉट 3 निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलेलं 140 ला उकळू शकतं. घाटात उकळलं की पुन्हा तेच पोकळ पेडल. म्हणून फोडलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवायचा नाही. आणि कुणी काहीही सांगो, इंजिन ऑइलचा थेंबही त्यात जाऊ देऊ नकोस. सगळी रबरं फुगून गाडी जाग्यावर जाम होईल.

मग हवा काढायची. हे एकट्याचं काम नाही, तुझ्या आईला बोलव. तिला ते माझ्याइतकंच येतं. अण्णांबरोबर लहानपणी पेडलवर बसायची तीच. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. खालून तू ओरडायचं "मार", ती तीनदा दाबील. "धर" म्हटलं की ती पाय रोवून धरील. मग तू निपल उघडायचं, बुडबुडे येतील, पेडल तळाला जाईल. तू निपल बंद केल्याशिवाय तिनं पाय उचलायचा नाही. बुडबुडे थांबून नुसतं स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच. मधून मधून टाकी बघत राहा. ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. शेवटी पेडल दगडासारखं घट्ट लागलं पाहिजे. ताईला विचार, तिच्या पायाला आठवत असेल.

नवा स्विच बसल्यावरही एक गोष्ट तुला खटकेल. पेडल जरासं दाबलं तर दिवा लागत नाही, जोरात दाबावं लागतं. हा दोष नाही, स्विचची जातच तशी. चकतीला दाब हवा. पूर्वी मागून येणारी गाडीही ताशी तीस-चाळीसनं यायची, तेव्हा हे चालून गेलं. आता महामार्गावर तुझ्या मागं साठ-ऐंशीनं येणारी माणसं आहेत. साठच्या वेगात गाडी एका सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. तुझा दिवा अर्धा सेकंद उशिरा लागला तर मागचा माणूस आठ मीटर पुढं आलेला असतो.

म्हणून माझं ठाम मत सांगतो आणि ते तू ऐकावंस असं मला फार वाटतं. मूळचा दाबाचा स्विच ठेव, तो त्या गाडीचा आहे. पण पेडलच्या दांडीपाशी एक साधा प्लंजरचा स्विच आणखी बसव आणि दोन्ही समांतर जोड. म्हणजे ज्याला आधी कळेल तो दिवा लावील. पेडल जरासं हललं की मागं दिवा, आणि देव न करो, ब्रेकच गेला, तरी पेडल दाबल्याबरोबर दिवा. त्या रात्री खंबाटकीत हे असतं तर मला टॉवेल हलवावा लागला नसता. सोबत एक रिले घाल, म्हणजे साडेतीन अँपिअर स्विचमधून न जाता रिलेतून जाईल आणि आतली चकती जळणार नाही. एलईडी लावायचे म्हणतोस, जरूर लाव. तारेचा बल्ब पूर्ण तापायला सेकंदाचा पाचवा हिस्सा घेतो, एलईडी लगेच लागतो. गाडीचं जुनेपण बिघडेल असं तुझे मित्र म्हणत असतील, पण मी त्यांच्याशी सहमत नाही. काच मूळची ठेव, आत काय जळतंय ते कुणाला दिसत नाही. आणि "जुनी गाडी आहे, कोण विचारतंय" असंही मनात आणू नकोस. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्टॉपलाइटची अट आहे. पण नियम नसता तरी मी हेच लिहिलं असतं.

त्या दाबाच्या स्विचचा एक मोठा गुण सांगायचा राहिला, म्हणूनच तो काढून टाकू नको म्हणतोय. तो खोटं बोलत नाही. एकदा कसारा घाट उतरल्यावर एका ड्रायव्हरनं आम्हाला ओलांडून गाडी थांबवली आणि सांगितलं, "तुमचा ब्रेकलाइट मघापासून जळतोय." अण्णांनी स्विचला हात लावला नाही. सरळ मागच्या ड्रमजवळ तळहात नेला, टेकवला नाही, नुसता जवळ नेला. ड्रम तव्यासारखा तापला होता. पेडल सोडूनही लाइनमध्ये दाब राहत होता, ब्रेक धरून होता, आणि ते सांगत होता तो दिवा. पेडलचा मोकळा खेळ संपला होता. दांडी अर्धा फेरा आत घेतली, दिवा गेला. दुसऱ्या कुणी स्विच खराब म्हणून वायर काढून टाकली असती आणि पुढच्या दहा मैलांत टायर पेटला असता. तुझ्या गाडीचा दिवा कधी लागून राहिला तर तू आधी ड्रम बघ. दोन स्विच समांतर असतील तेव्हा आधी प्लंजरची वायर काढ. तरीही दिवा राहिला तर लाइनमध्ये दाब आहे असं धर.

सगळं झालं की मागं कुणीतरी उभं राहायला हवं. ब्रेकलाइट हा गाडीतला असा दिवा की तो चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. हेडलाइट आपल्यासाठी, केबिनचा दिवा आपल्यासाठी, हा मात्र सगळा दुसऱ्यासाठी. गाडी निघायच्या आधी अण्णा रोज संध्याकाळी ताईला मागं उभं करायचे. ती असेल सहा-सात वर्षांची. हे केबिनमधून विचारायचे, "लागला का?" ती ओरडायची, "लागला!" पेडल सोडायचे. "गेला!" असं तीनदा. तिच्या पांढऱ्या फ्रॉकवर तो लाल उजेड येऊन जायचा, अजून डोळ्यांपुढं आहे. तीनदा बरोबर उत्तर आल्याशिवाय गाडी फाटकातून बाहेर पडली नाही, कितीही उशीर झालेला असो. ज्या दिवशी ताई शाळेतून आलेली नसायची त्या दिवशी गाडी भिंतीला पाठ करून लावायचे आणि भिंतीवर लाल पडतं का ते आरशात बघायचे.

तू हे सगळं माझ्याशिवाय करू शकशील, याबद्दल मला शंका नाही. इंजिन उतरवून पुन्हा बसवणं हे यापेक्षा कितीतरी अवघड होतं आणि ते तू केलंस. तरी माझं एवढं ऐक. स्विच आणून ठेव, आट्यांवर तेल मारत राहा, पण काढू नकोस. मी शनिवारी सकाळच्या एसटीनं निघतो, दहापर्यंत कराडला पोचेन. आट्यांचा गेज आणि तो कापलेला स्विच माझ्या पिशवीत असेल. ताईला सांग, संध्याकाळी तिला गाडीच्या मागं उभं राहायचंय. आणि मी येईपर्यंत गाडी शेडच्या बाहेर काढू नकोस.

तुझा,
मामा